रुमालाखालचा हात

भाव तोंडानं बोलायचा नसतो, हे मी लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा शिकले. माझं माहेर अकोल्याकडचं, काळ्या मातीत राबणाऱ्यांचं. आम्हाला कापूस वेचणं ठाऊक, गाडीत भरणं ठाऊक. पुढं बाजारात त्याचं काय होतं ते बापाला माहीत. सासर मात्र दलालाचं निघालं. घेणारा आणि विकणारा समोरासमोर मांडी घालून बसायचे, मधे एक रुमाल टाकायचे आणि दोघांचे उजवे हात त्या रुमालाखाली जायचे. कोणतं बोट धरलं, किती धरली, तळवा दाबला की मूठ, यावरून भाव ठरायचा. तोंडानं दोघं पाऊसपाण्याचं बोलायचे, लेकीच्या सासरचं विचारायचे. भोवती उभ्या माणसांना रुमाल तेवढा हललेला दिसायचा. आणि रुमालाखाली जे ठरलं ते ठरलं. मी असं म्हटलंच नव्हतं, असं नंतर कोणी म्हणत नसे. माणूस तोंडानं खोटं बोलेल, हात बोलणार नाही, असं त्या बाजाराचं मत होतं.

घरात दलाली करत ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आता आमच्या वेळची रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यासमोर नाकापर्यंत पदर ओढायचा. त्यांच्या तोंडाकडे पाहायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. मी त्यांच्या घरात राहिले, त्यांना रोज वाढलं, पण त्यांचं तोंड कसं होतं हे मला कोणी विचारलं तर सांगता येणार नाही. पदराखालून दिसायचा तो त्यांचा हात. उजव्या करंगळीचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी सरकी काढायच्या रेच्यात बोट गेलं होतं. तो हात मी हजारात ओळखला असता.

जाऊबाईंना मात्र त्या हाताची सगळी भाषा येत होती. घरात आमची चुलतसासू होती, कानानं तिखट आणि जिभेनं त्याहून. तिच्यासमोर नवराबायकोनं बोलणं म्हणजे निर्लज्जपणा. मग हे दोघं काय करायचे, तर पाण्याचा तांब्या घेता-देताना, पानाचा डबा पुढं करताना, पदराआड बोटांनी बोलायचे. बाजारातल्या खुणा होत्याच, त्यात घरच्या काही घातल्या होत्या. बाहेरगावी निघताना भासरे जाऊबाईंच्या मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा हळूच गोल फिरवायचे. त्याचा अर्थ, येतो. हे मला जाऊबाईंनी स्वतः सांगितलं होतं, सरकी पाखडता पाखडता, हसत. तेव्हा त्या तिशीच्याही नव्हत्या.

ते दिवस कापसाच्या वेडाचे. दूर कुठं गोऱ्यांच्या मुलखात आपसात लढाई जुंपली होती आणि त्यामुळं आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं, असं पुरुष सांगत. आम्हा बायकांना दिसायचं ते एवढंच, की घरात पाय ठेवायला जागा नाही. माजघराला लागून एक मोठी कोठी होती, ती आढ्यापर्यंत भरलेली. कापसानं भरलेल्या खोलीत तुम्ही कधी बोलून पाहिलंय का? आवाज तोंडातून निघतो आणि तिथंच मरतो. मी एकदा आत कापूस सारखा करत होते आणि दारात उभ्या जाऊबाई मला हाका मारत होत्या. मला त्यांचे ओठ दिसत होते, हाक ऐकू येत नव्हती. त्या दिवसापासून मी एकटी त्या कोठीत जात नसे. बाहेर रस्त्यावरही तेच. गाड्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूंच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकलेले असायचे, आणि भर दुपारी वारा पडला की ती पांढरी झाडं नुसती उभी राहून आपल्याकडे पाहताहेत असं वाटायचं.

अशाच एका सुगीत भासरे कापसाच्या गाड्यांबरोबर गेले. आगगाडी तेव्हा आमच्यापर्यंत आली नव्हती. खामगावावरून पुढं, घाट उतरून, मुंबईच्या वाटेला माल जायचा. बरोबरचे गाडीवान परत आले, भासरे आले नाहीत. वाटेत मुक्कामावर पटकी लागली, माणसं पांगली, कोण कुठं गेला कोणाला पत्ता नाही, असं त्यांनी सांगितलं. मेलेला कोणी पाहिला नव्हता. जिवंतही कोणी पाहिला नव्हता.

वर्ष गेलं. दुसरी सुगी आली. जाऊबाई कुंकू लावत होत्या, हिरव्या बांगड्या भरत होत्या, आणि गल्लीतल्या बायका त्यांच्या कपाळाकडे पाहून मग बोलायला लागायच्या. चुलतसासू एक दिवस त्यांना समोर बसवून म्हणाली,

"हे पाह्य, पोरी. मले का माहा पुतण्या जड झाला होता? पण लोकं बोलून राह्यले. कुठपावतर थांबशीन?"

"ते येतो म्हणून गेले, मामीजी."

"सगळेच येतो म्हणतेत. जातो कोणी म्हणते का?"

जाऊबाई उठून चुलीकडे गेल्या. पण मला कळत होतं, की यंदा कापूस विकून झाला, माझे यजमान मोकळे झाले, की चार माणसं बसणार आणि या बाईचं कपाळ पुसायचं ठरवणार. त्यांनाही ते कळत होतं.

त्याच दिवसांत तो माणूस आला. माझे यजमान वेचणीसाठी शेतावर गेले होते, घरात आम्ही तिघीच बायका. मध्यम वयाचा, अंगावर बरे कपडे, बोलणं गोड. अंगणात उकिडवा बसला आणि म्हणाला, "बाई, तुमचा मालक जिता आहे."

जाऊबाईंनी दाराची चौकट धरली. "कुठी?"

"इथंच. परकोटाबाहेर, गाडीत. पण ऐकून घ्या आधी. वाटेत त्याले देवी आल्या. वाचला, पण तोंड पाहण्यासारखं राह्यलं नाही अन् आवाज गेला. म्हणते, कौंडण्यपूरले वर्धा नदीत आंघोळ केल्याबिगर, देवळात माथा टेकल्याबिगर घरच्या माणसाले तोंड दाखवत नाही."

"आवाज गेला तं म्हणते कसा?" चुलतसासू आतून म्हणाली.

"हातानं, आजी. दलालाले आवाज कायले लागते?"

म्हातारीनं आम्हाला जा म्हणून हातानं खुणावलं.

आम्ही दोघी त्याच्यामागून गेलो. ऊन डोक्यावर होतं. परकोटाच्या भिंतीला सावली नव्हती. कडुनिंबाखाली एक गाडी उभी, तिला चारी बाजूंनी जाडाभरडा पडदा. बैल सोडून लांब बांधले होते, इतके लांब की मला नवल वाटलं. गाडीतून आवाज नाही. आत माणूस बसलेला असला की गाडीचं लाकूड कुरकुरतं, माणूस श्वास घेतो, खाकरतो. तसं काही नव्हतं. तो माणूस पडद्याजवळ जाऊन काहीतरी पुटपुटला आणि बाजूला झाला. मग पडद्याखालून एक रुमाल पुढं आला. रुमालाखाली हात होता.

जाऊबाई धुळीत बसल्या. त्यांनी आपला हात रुमालाखाली घातला.

मी पदर ओढून त्यांच्या मागं उभी. किती वेळ गेला कोण जाणे. रुमाल हलत होता, थांबत होता, पुन्हा हलत होता. एकदा वारा आला आणि रुमालाचा कोपरा उचलला गेला. मला त्या हाताची कड दिसली. करंगळीला वरचं पेर नव्हतं. बोटांना कापसाचे तंतू चिकटले होते, जुन्या भिंतीच्या कोपऱ्यात जाळं चिकटतं तसे.

"काय म्हणून राह्यले?" मी हळूच विचारलं.

"कापूस मागतेत," जाऊबाई म्हणाल्या. "स्वतः विकतो म्हणतेत."

शेवटी हात मागं जायच्या आधी त्यांच्या मनगटावर रुमाल हळूच गोल हलला. मी ते पाहिलं. जाऊबाईंचं तोंड मला पाठमोरं होतं, पण त्यांचे खांदे एकदम खाली आले, दिवसभर डोक्यावर घागर वाहून आणलेल्या बाईचे येतात तसे. हात गेला, रुमाल गेला.

तो माणूस म्हणाला, "आठवड्यात नदीवरून येतेत घरी. मंग तुमचे तुमी पाहा."

घरी येताना त्या एकच बोलल्या. "हात थंड होता वं. एवढ्या उन्हात."

दुपार कलायच्या आत कोठी रिकामी झाली. गाड्या तो माणूस घेऊनच आला होता. चुलतसासू ओट्यावर बसून डोळे पुसत होती आणि गाडीवानांना शिव्या देत होती, नीट भरा रे, माह्या पोराचा माल आहे. जाऊबाईंनी कोठीची किल्ली स्वतःच्या हातानं कमरेची काढून दिली. गाड्या गेल्यावर मी त्या रिकाम्या कोठीत उभी राहिले आणि सहज खाकरले. आवाज चहूबाजूंनी परत आला.

यजमान शेतावरून आले ते आधी कोठीत गेले, मग बाहेर आले.

"कापूस कोणाले देल्ला?"

"तुमच्या भावाले," जाऊबाई म्हणाल्या.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त मला विचारलं, "तुनं तोंड पाह्यलं?"

"मी कवा पाह्यलं त्याईचं तोंड?" मी म्हटलं.

ते तसेच घोड्यावर बसून निघाले. कौंडण्यपूर आमच्या उगवतीला. पण वाटेवरच्या लोकांनी गाड्या पाहिल्या होत्या त्या मावळतीला, बडनेऱ्याच्या अंगानं जाताना. अकोल्याच्या बाजारात, मालाच्या रांगेत, आमच्या गाड्या उभ्या सापडल्या. तो माणूस सापडला. पडद्याची गाडीही सापडली, रिकामी. पोलिसांनी कापसावर मोहर लावली, माणसाला कोठडीत घातलं, आणि आम्हा दोघींना साक्षीला बोलावणं आलं.

अकोल्याला आम्ही माझ्या एका मावशीकडे उतरलो, आता जिला जठारपेठ म्हणतात त्या बाजूला. यजमानांनी एक मुखत्यार धरला होता, त्याच गावचा मुसलमान, पांढऱ्या दाढीचा, मराठी आमच्यासारखीच बोलणारा, मधेमधे उर्दू. ओसरीवर खाट टाकून बसला. जाऊबाई दाराआड, मी त्यांच्याजवळ.

"पाहा बाई," तो दाराकडे न पाहता म्हणाला, "सरकारचा नवा कायदा आला आहे. त्यात या गुन्ह्याले ठकबाजी म्हणतेत. त्याचं या खाटेवानी आहे. चार पाय पाहिजेत. त्यानं तुमाले खोटं खरं म्हणून दाखवलं पाहिजे, हा एक पाय. तुमी ते खरं मानलं पाहिजे, हा दुसरा. मानलं म्हणूनच माल देल्ला पाहिजे, दुसऱ्या कोण्या कारणानं नाही, हा तिसरा. अन् पहिल्यापासूनच त्याच्या मनात लबाडी पाहिजे. आधी चांगला होता अन् मंग बिघडला, असं असलं तं ते वेगळं. एक पाय नसला तं खाट पडते, तो सुटते, कापूसही जाते."

"पण तो तं काही बोललाच नाही," मी मधेच म्हटलं. "गाडीतला म्हणते मी. हातच होता फक्त."

"हातानं खोटं सांगतलं तरी ते खोटंच. चूप राहूनही माणूस ठकवू शकते. कायद्याले तोंड लागत नाही, बेटी. लागते ते एवढंच, की एका माणसानं दुसऱ्याच्या मनात खोटी गोष्ट घातली." मग तो म्हणाला, "आता मुश्कील ऐका. तो आरोपी म्हणून राह्यला, गाडीत यांचा नवराच होता. त्यानं आपला माल नेला, मी नुसता गाड्या लावून देणारा. म्हणजे पहिलाच पाय उखडते. साहेब बाईंले विचारणार, तो हात तुमच्या नवऱ्याचा होता का? तुमी म्हटलं नव्हता, तं काम झालं."

दाराआड जाऊबाईंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"अन् मी नव्हता म्हटलं, तं लोक काय समजतीन?" त्यांनी विचारलं.

मुखत्यार म्हणाला, "समजतीन की ते नाहीत."

"मंग घरी गेल्यावर माहं कपाळ पुसतीन."

यजमान तिथंच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. त्यांना कापूस हवा होता, त्यात त्यांचा अर्धा वाटा होता, वर्षाचं घर त्याच्यावर चालायचं होतं. आणि भाऊ गेला असं वहिनीच्या तोंडून कचेरीत निघावं, हेही त्यांना ऐकवणार नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमाले जे खरं वाटते ते सांगा."

"खरं काय आहे ते सांगाले बसली असती तं इथपावतर आली नसती," जाऊबाई म्हणाल्या.

कचेरी म्हणजे एक लांब दालन. वर कापडी पंखा हलायचा, त्याची दोरी भिंतीपलीकडून कोणी ओढत होतं. साहेब गोरा, तरुण, घामानं लाल झालेला. त्याला मराठी कळायची, पण बोलायचं ते शिरस्तेदार बोलायचा. आरोपी कठड्यात उभा. कोठडीत राहून तो अर्धा झाला होता. आमच्या अंगणात गोड बोलणारा माणूस तो हाच, असं सांगितल्याशिवाय पटलं नसतं.

आधी गाडीवानांच्या साक्षी झाल्या. एकानं सांगितलं, "अमरावतीले येतानाच यानं आमाले अकोल्याचं भाडं ठरवलं होतं. कौंडण्यपुराचं नाव नाही काढलं. परकोटावरून सरळ बडनेऱ्याकडं वळलो." मुखत्यारानं साहेबाकडे पाहिलं. चौथा पाय उभा राहिला, असं मला वाटलं.

साहेबानं शिरस्तेदाराकडून विचारलं, पडद्याच्या गाडीत कोण होतं?

"पाह्यलं नाही, हुजूर. पडदा होता." गाडीवान पागोट्याशी चाळा करू लागला. "माहे बैल त्या गाडीमागं चालेनात. म्या माही गाडी पुढं घातली."

मग आरोपीला विचारलं. तो म्हणाला, "खामगावच्या अलीकडं वाटेवर तो मले भेटला. मी रिकामा येऊन राह्यलो होतो. मांगं पाह्यलं तं गाडीत येऊन बसलेला. तोंडाले फडकं. हात पुढं केला, अन् म्या धरला. तोही माणूस बाजारातला, समजलो. त्याच हातानं मले घर सांगतलं, बाई सांगतली, किती कापूस आहे ते सांगतलं. अकोल्याले विक म्हटलं, अर्धा तुहा. म्या हो म्हटलं. नदीची, देवीची गोष्ट माह्या मनची. तेवढं माहं खोटं आहे, हुजूर. हाताचं खोटं माहं नाही."

"मग तो कुठे आहे?"

"मूर्तिजापूरच्या पुढं बैल पाण्यावर थांबवले. पडदा उघडला तं गाडीत कोणी नव्हतं. उतरताना म्या पाह्यला नाही. हाकणाऱ्यानं पाह्यला नाही. गादी थंड होती."

मागं बसलेली दोन-चार माणसं हसली. मग त्यांचं हसणं आपोआप थांबलं, आणि पंख्याची दोरी कुरकुरताना ऐकू येऊ लागली.

जाऊबाईंना पुढं बोलावलं. त्या पदर घेऊन उभ्या राहिल्या. ईश्वराला स्मरून खरं सांगेन, असं म्हणवून घेतलं. पहिले प्रश्न सोपे होते. मग शिरस्तेदार म्हणाला, "साहेब विचारतात, तो हात तुमच्या नवऱ्याचा होता की नव्हता?"

मी त्यांच्या मागंच होते. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता.

"त्याईचाच होता," त्या म्हणाल्या.

मुखत्यारानं डोळे मिटले. यजमान उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले. कठड्यातला माणूस मात्र सुटल्यासारखा दिसला नाही. तो जाऊबाईंकडे असा पाहू लागला, की मला त्याची भीती वाटण्याऐवजी कीव आली.

"आता माहं पुरं ऐका," जाऊबाई म्हणाल्या. "त्या हातानं मले सांगतलं, येतो. या माणसानं तोंडानं सांगतलं, नदीवर जाऊन आठवड्यात घरी येतेत. त्या भरवशावर म्या किल्ली देल्ली. येतो म्हटलं नसतं तं देल्ली नसती."

साहेब पुढं झुकला. त्यानं स्वतःच, तुटक मराठीत विचारलं, "नवऱ्याने मागितला, तरी नाही?"

"तरी नाही. अर्धा कापूस माह्या दिराचा होता. घरी येणाऱ्या माणसाच्या हाती तो देता येते. घर सोडून जाणाऱ्याच्या हाती कसा देऊ?"

"हात 'येतो' कसे सांगतो?"

त्या वळल्या. माझा हात धरला, पदर मागं सारला आणि सगळ्या कचेरीसमोर माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा गोल फिरवला. त्यांचा अंगठा घामानं ओला होता, उन्हाळ्याचे दिवस, दालनात माणसं कोंबलेली. तरी माझ्या हातावर काटा उभा राहिला तो घरी जाईपर्यंत गेला नाही.

कठड्यातला माणूस खाली बसला. शिपायानं त्याला उठवलं. "हे मले ठाऊक नव्हतं," तो म्हणाला, कोणी विचारलेलं नसताना. "हे म्या कोणाले शिकवलं नव्हतं, हुजूर."

निकाल काही दिवसांनी वाचून दाखवला. शिरस्तेदारानं वाचलं ते मी माझ्या भाषेत सांगते. आरोपीनं बाईला सांगितलं की नवरा नदीवर जाऊन घरी परत येतो. ते खोटं होतं, आणि खोटं आहे हे त्याला माहीत होतं, कारण गाड्या आधीच अकोल्याच्या ठरल्या होत्या. बाईनं ते खरं मानलं. खरं मानलं म्हणूनच माल दिला. माल एकट्या नवऱ्याचा नव्हता, दिराचाही होता. एवढ्यानं ठकबाजी पुरी होते. गाडीतला हात कोणाचा होता, हे ठरवण्याची या कोर्टाला गरज नाही.

त्याला तुरुंगाची शिक्षा झाली. त्याला नेताना आम्ही बाहेर झाडाखाली उभ्या होतो. तो शिपायांमधून थांबला आणि हात जोडले. मला वाटलं, शिव्या देईल किंवा माफी मागेल.

"बाई," तो म्हणाला, "मले एवढं सांगा. म्या कोणाले गाडीत बसवलं होतं?"

जाऊबाई दोन पावलं पुढं झाल्या. मग म्हणाल्या, "तुनं तोंड पाह्यलं असतं तं म्या तुलेच विचारलं असतं."

कापूस परत मिळाला. यजमानांनी तो तिथंच अकोल्याला विकून टाकला, घरी आणला नाही. परतीच्या वाटेवर मूर्तिजापूर यायच्या आधी ती नदी लागली, जिथं त्या माणसानं बैल पाण्यावर थांबवले होते. पलीकडं आगगाडीच्या मातीचं काम चाललं होतं, माणसं टोपल्या वाहत होती, खूप गलका होता. अलीकडच्या काठावर कोणी नव्हतं. जाऊबाई गाडीतून उतरल्या, पाण्यापर्यंत गेल्या, हात धुतले आणि आल्या. काय पाहिलं असं मी विचारलं नाही. बैल उभे राहिले होते, शांतपणे पाणी पीत होते, त्यावरून मीच मनाशी काय ते समजले.

घरी चुलतसासूनं सगळं ऐकलं. तिच्या डोक्यात एक गोष्ट बसेना.

"म्हंजे माहा पुतण्या आहे का नाही? साहेबानं काय ठरवलं?"

"साहेबाले गरज पडली नाही, मामीजी," जाऊबाई पीठ मळता मळता म्हणाल्या. "तं तुमाले काहून पडली?"

म्हातारीनं यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "असंच लिहिलं आहे, काकी. गरज नाही म्हणून." आणि जेवायला बसले. चार माणसं बसायची होती ती त्या वर्षी बसली नाहीत. पुढच्या वर्षी कोणी विषय काढला तर यजमान तेच सांगायचे, कचेरीत असं असं झालं. सरकारनं जे मोकळं सोडलं ते आपण कशाला बांधा, असं म्हणून लोक उठून जायचे. त्या काळी कचेरीचा धाकच तसा होता. गोऱ्या साहेबाला जिथं शिरायचं नाही तिथं गल्लीतली माणसं कशी शिरणार?

असं त्या बाईचं सगळं आयुष्य गेलं. सगळ्यांनी त्यांना सुखानं वागवलं असं नाही. बायका त्यांना हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण ओटी भरताना हात आखडायच्या. कोणी मागून म्हणायचं, नवऱ्यानं टाकली. कोणी म्हणायचं, भुताची बायको. दोन्ही त्यांच्या कानावर यायचं. टाकलेली म्हटलं की त्या कामाला लागायच्या. भुताची म्हटलं की जरा हसायच्या. पितृपक्षात आम्ही घरच्या सगळ्या गेलेल्यांना पान वाढायचो, भासऱ्यांचं नाव त्यात कधी घेतलं नाही. जाऊबाई त्या दिवशी स्वयंपाक सगळा करायच्या आणि पानं मांडायच्या वेळी परसात निघून जायच्या. कावळा पानाला शिवायला फार वेळ लावायचा. वाट पाहता पाहता आमची जेवणं दिवेलागणीवर जायची. का ते कोणी बोलत नसे.

मी त्यांना एकदाच विचारलं. आम्ही दोघीही म्हाताऱ्या झालो होतो, गावात आगगाडी जुनी झाली होती, सरकी काढायची कामं कारखान्यात गेली होती. मी म्हटलं, "बाई, खरंच तो त्याईचाच हात होता का?"

"मले काय ठाऊक वं," त्या म्हणाल्या. "म्या धरला तवा त्याईचा होता."

त्या गेल्या सकाळच्या वेळी, फार त्रास न होता. मी त्यांना न्हाऊ घातलं. दुसऱ्या गावाहून नव्यानं आलेल्या शेजारणी ओट्यावर जमल्या होत्या, त्यांना आमच्या घरातलं जुनं काही माहीत नव्हतं. त्यांतली एक तबक घेऊन आत आली आणि दारात अडखळली. तबकात हिरवं लुगडं होतं, तसं पांढरंही होतं.

"काकू, यांचे मालक आहेत का?" तिनं विचारलं. "कुठं आहेत?"

माझे यजमान तेव्हा जाऊन बरीच वर्षं झाली होती. उत्तर द्यायला घरात मीच होते.

"कापसाच्या गाड्यांबरोबर गेलेत," मी म्हटलं. "यायचे आहेत."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी तिच्या तबकातलं हिरवं लुगडं उचललं, आणि मग कुंकवाचा करंडा उघडला.